प्रस्तावना : मुदतीच्या आत

डेटा सेंटरमध्ये काम करणाऱ्या माणसाला भेटेल तो विचारतो, ‘सध्या नवीन काय आलंय?’ प्रश्न रास्त आहे, पण मध्यरात्री ऑन-कॉलचा फोन वाजतो तेव्हा त्याचे उत्तर कामाला येत नाही. त्या वेळी दुसऱ्याच गोष्टी माहीत असाव्या लागतात. आपल्याकडे जे चालू आहे ते कोणत्या आवृत्तीवर आहे? तिला सपोर्ट कोणत्या तारखेपर्यंत आहे? तिच्या वर आणि खाली काय काय जोडलेले आहे, आणि त्यातले काय पुढच्या अपग्रेडमध्ये निघून जाणार आहे? व्हर्च्युअलायझेशन आणि कंटेनर प्लॅटफॉर्म यांच्याबरोबर राहणे म्हणजे या प्रश्नांची उत्तरे कायम ताजी ठेवणे, असे मी मानतो आणि हे पुस्तक त्यासाठीच लिहिले आहे.

या कामात दोन्ही बाजूंनी धोका असतो. थांबून राहिल्याचा धोका फेब्रुवारी २०२३ मध्ये जगाने पाहिला. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायजरवर चालणारे काही हजार सर्व्हर ‘ईएसएक्सआयआर्ग्ज’ नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या तावडीत सापडले. एका हायपरव्हायजरवर अनेक व्हर्च्युअल मशीन असतात, त्यामुळे एक सर्व्हर गेला की त्याच्यावरची सगळी मशीन एकदम बंद पडतात. फ्रान्सच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने इशारा देताना ओपनएसएलपी या सेवेतील ज्या त्रुटीकडे बोट दाखवले, तिचा पॅच फेब्रुवारी २०२१ मध्येच उपलब्ध होता. मधली दोन वर्षे तो पॅच अनेक ठिकाणी लागलाच नाही. ‘चालू आहे ना, मग हात कशाला लावायचा’ हे वाक्य आपल्याकडे शहाणपण म्हणून सांगितले जाते. हायपरव्हायजर इंटरनेटवर उघडा असेल आणि पॅच थकलेले असतील, तर हात न लावणे हाच सर्वांत मोठा धोका ठरतो.

दुसऱ्या बाजूचा धोका त्याच वर्षी, १४ मार्च २०२३ रोजी, रेडिटच्या अभियंत्यांनी अनुभवला. त्यांनी नंतर त्याचा सविस्तर वृत्तांत स्वतःच प्रसिद्ध केला, आणि या क्षेत्रातल्या प्रत्येकाने त्यासाठी त्यांचे ऋणी असावे. ते एका जुन्या, मोठ्या क्लस्टरवर कुबरनेटीस १.२३ वरून १.२४ वर जात होते. अपग्रेड पार पडले आणि काही मिनिटांत क्लस्टरमधले पॉड एकमेकांशी बोलेनासे झाले. साइट ३१४ मिनिटे, म्हणजे सव्वापाच तासांच्या आसपास, बंद होती. कारण होते एक लेबल. कुबरनेटीसमध्ये नियंत्रण करणाऱ्या नोडवर पूर्वी ‘मास्टर’ असे लेबल असे. ते बदलून ‘कंट्रोल-प्लेन’ होणार याची आगाऊ सूचना आधीच्या आवृत्त्यांमध्ये दिलेली होती आणि १.२४ मध्ये जुने लेबल गेले. रेडिटच्या त्या क्लस्टरचे नेटवर्क कॅलिकोवर होते. कोणत्या नोडने इतरांना मार्ग सांगायचे, हे काही वर्षांपूर्वी कोणीतरी त्या जुन्या लेबलवरून ठरवून ठेवले होते. लेबल गेले, त्या अटीत बसणारा एकही नोड उरला नाही आणि मार्ग सांगणारेच नाहीसे झाले.

या घटनेतल्या दोन बारकाव्यांवर थांबायला हवे. पहिला असा की ती मांडणी करणारी माणसे केव्हाच दुसऱ्या कामावर किंवा दुसऱ्या कंपनीत गेली होती, त्यामुळे असे काही अस्तित्वात आहे हेच कुणाला ठाऊक नव्हते. दुसरा असा की कुबरनेटीसमध्ये अपग्रेड झाल्यावर मागच्या आवृत्तीवर परतण्याचा अधिकृत मार्ग नाही. म्हणून त्यांना बॅकअपवरून रिस्टोर करावे लागले, आणि रिस्टोरची लिखित कार्यपद्धती जुन्या काळातली निघाली. मधल्या काळात कंटेनर चालवणारे सॉफ्टवेअर बदलून सीआरआय-ओ आले होते, पण कागदावरच्या पायऱ्या त्याआधीच्या होत्या. क्लस्टर नवा झाला होता आणि त्याला वाचवण्याची पद्धत जुनी राहिली होती. ‘बॅकअप आहे’ असे आपण सहज म्हणून जातो, पण शेवटचा रिस्टोर कधी करून पाहिला हे सांगता आले नाही तर त्या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.

हे सगळे इतके थरांचे का झाले, हे समजायला थोडा इतिहास हवा. एका यंत्रावर अनेक यंत्रे भासवण्याची कल्पना आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील केंद्रात १९६० च्या दशकात रुजली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने मेनफ्रेमवर बाजारात आली. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी कोणत्या प्रोसेसरवर हे नीट जमू शकते, त्याच्या अटी शास्त्रशुद्धपणे मांडल्या. आपल्या सगळ्यांच्या टेबलावर आलेला एक्स-८६ प्रोसेसर त्या अटींत बसत नव्हता. त्याच्या काही सूचना अशा होत्या की अधिकार नसताना चालवल्या तर त्या हायपरव्हायजरला खबर न देता वेगळेच वागत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने या सूचना चालता चालता बदलून घेण्याची युक्ती वापरली आणि अशक्य मानलेली गोष्ट साध्य केली. पुढे इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच सोय दिली, तर २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या कर्नलचा भाग झाले. दरम्यान २००३ मध्ये व्हीमोशन आले. चालू मशीनची मेमरी पान पान करून दुसऱ्या सर्व्हरवर न्यायची, तोवर बदललेली पाने पुन्हा न्यायची आणि अगदी शेवटी क्षणभर थांबवून उरलेले हलवायचे. या एका सोयीने डेटा सेंटरमधल्या माणसाचे आयुष्य बदलले. सर्व्हरची दुरुस्ती दिवसाढवळ्या करता येऊ लागली.

कंटेनरची वंशावळ वेगळी आहे. इथे खोटे यंत्र उभे केलेले नसते. कंटेनर ही यजमान लिनक्सवरचीच एक प्रोसेस असते. तिला काय दिसावे हे नेमस्पेस ठरवतात आणि तिने किती वापरावे हे सीग्रुप ठरवतात. १९७९ मधील युनिक्सचे ‘सीएचरूट’, २००० मधील फ्रीबीएसडीचे ‘जेल’, गूगलच्या अभियंत्यांनी २००६ पासून घडवलेले आणि २००८ मध्ये कर्नलमध्ये आलेले सीग्रुप, अशी ही वाट आहे. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉनमध्ये छोट्याशा भाषणात डॉकर दाखवले, तेव्हा कर्नलमधली ही सोय तयारच होती. डॉकरने तिला प्रत्येक प्रोग्रामरच्या हाती दिले. पुढच्याच वर्षी गूगलने कुबरनेटीस जाहीर केले आणि २१ जुलै २०१५ रोजी त्याची १.० आवृत्ती आली. त्यामागे बोर्ग या त्यांच्या अंतर्गत प्रणालीचा अनुभव होता. कर्नल सगळ्या कंटेनरमध्ये सामाईक असतो, हे वाक्य वाचकाने आत्ताच मनात पक्के करावे. कंटेनरचा हलकेपणा त्यातून येतो आणि सुरक्षिततेचे बहुतेक प्रश्नही त्यातूनच येतात.

आज बहुतेक ठिकाणी हे दोन्ही वंश एकावर एक उभे आहेत. खाली सर्व्हरचे फर्मवेअर, त्यावर हायपरव्हायजर, त्यावर व्हर्च्युअल मशीनमधले लिनक्स, त्यावर कंटेनर रनटाइम, मग कुबरनेटीस, त्याचे नेटवर्क आणि स्टोरेजचे प्लगइन आणि सर्वांत वर ॲप्लिकेशनची इमेज. प्रत्येक थराचे पंचांग निराळे आहे. रेड हॅटच्या एंटरप्राइज लिनक्सची एक मोठी आवृत्ती दहा वर्षे टिकते. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या व्हीस्फिअर ७ चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कुबरनेटीसच्या मात्र २०२१ पासून वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला साधारण चौदा महिने सांभाळले जाते. शिवाय कंट्रोल प्लेनला एकेका आवृत्तीनेच पुढे जावे लागते, मधली पायरी गाळता येत नाही. म्हणजे दीड वर्ष क्लस्टर तसाच ठेवला तर काम साठत जाते आणि पुढे ते एका मेंटेनन्स विंडोत मावत नाही.

नुसते बसून राहिल्यानेही काय बिघडू शकते, याचे एक नमुनेदार उदाहरण देतो. कुबेॲडमने उभारलेल्या क्लस्टरची अंतर्गत प्रमाणपत्रे एक वर्षाची असतात. कंट्रोल प्लेनचे अपग्रेड केले की ती आपोआप नवी होतात. त्यामुळे नियमित अपग्रेड करणाऱ्या टीमला अशी मुदत असते हे जाणवतही नाही. ज्या क्लस्टरला वर्षभर कोणी हात लावला नाही, तिथे मात्र एके दिवशी कमांड चालेनाशी होते. ॲप्लिकेशन चालू असतात, पण काही बदलता येत नाही, नवा पॉड बसत नाही, पडलेला पॉड दुसऱ्या नोडवर उभा राहत नाही. उपाय सोपा आहे, एका कमांडने प्रमाणपत्रे नवी करता येतात. पण हे आधी वाचलेल्याला ते काम काही मिनिटांचे असते आणि न वाचलेल्याची अख्खी रात्र शोधाशोधीत जाते.

थरांच्या सांध्यांवर होणारे बिघाड सर्वांत फसवे. लिनक्सच्या नव्या वितरणांनी सीग्रुपची दुसरी आवृत्ती स्वीकारली. जावाच्या जुन्या आवृत्त्यांना ही दुसरी आवृत्ती वाचता येत नाही. ती समज जावा ८ मध्ये अपडेट ३७२ पासून आणि जावा ११ मध्ये ११.०.१६ पासून आली. आता असे समजा की तुम्ही फक्त नोडचे लिनक्स बदलले. ॲप्लिकेशनची इमेज तीच, कुबरनेटीसची आवृत्ती तीच. कंटेनरला दोन जीबीची मर्यादा दिली आहे, पण आतल्या जुन्या जावाला ती दिसत नाही. तिला नोडची सगळी, समजा चौसष्ट जीबी, मेमरी दिसते आणि ती त्या हिशेबाने हीप मोठा करू लागते. मर्यादा ओलांडली की कर्नल तिला मारतो, पॉड पुन्हा उठतो आणि पुन्हा मारला जातो. ॲप्लिकेशनची टीम म्हणते आम्ही काही बदलले नाही, आणि ते खरेच असते. प्लॅटफॉर्मची टीम म्हणते क्लस्टर व्यवस्थित आहे, आणि तेही खरे असते. दोष दोन थरांच्या मध्ये असतो आणि दोन्ही थरांची टिपणे ज्याने वाचली आहेत त्यालाच तो दिसतो.

म्हणून रिलीज नोट्स वाचण्याला या पुस्तकात मी मानाचे पान दिले आहे. त्या वाचण्याचीही एक पद्धत असते. नव्या सोयींची यादी शेवटी वाचावी. आधी काय काढले, काय काढणार, कोणती पूर्वनिर्धारित मूल्ये बदलली आणि अपग्रेडपूर्वी काय करणे सक्तीचे आहे, हे पाहावे. डिसेंबर २०२० मध्ये कुबरनेटीसने डॉकरशिम काढण्याची सूचना दिली तेव्हा ‘डॉकर बंद होणार’ अशी आवई उठली आणि अनेक टीम विनाकारण धास्तावल्या. मूळ सूचना शांतपणे वाचणाऱ्याला दिसले की डॉकरने बांधलेल्या इमेज तशाच चालणार आहेत, कारण त्यांचे स्वरूप २०१५ पासून खुल्या मानकाखाली आले आहे. अडचण होती ती नोडवरच्या डॉकरच्या सॉकेटला पॉडमधून थेट जोडून घेणाऱ्यांची. मे २०२२ मध्ये १.२४ आली आणि बदल प्रत्यक्षात आला, तेव्हा ज्यांनी दीड वर्षात फक्त तेवढे सॉकेट शोधून ठेवले होते, त्यांचे काम सुरळीत झाले.

तंत्राबरोबर मालकी आणि माणसे यांच्यावरही लक्ष ठेवावे लागते. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रॉडकॉमने व्हीएमवेअरची खरेदी पूर्ण केली आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद करून वर्गणीची पद्धत आणली. आठवड्यापूर्वी कोणी हायपरव्हायजर बदलण्याचा विचारही करत नव्हते अशा संस्थांत प्रॉक्समॉक्स, न्यूटॅनिक्स, ओपनशिफ्ट व्हर्च्युअलायझेशन यांची तुलना सुरू झाली. मुक्त सॉफ्टवेअरही या बाबतीत निर्धोक नाही. क्लस्टरमध्ये बाहेरची रहदारी आत घेण्यासाठी असंख्य ठिकाणी वापरला जाणारा इन्ग्रेस-एनजिनएक्स हा प्रकल्प निवृत्त करत असल्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मार्च २०२६ पर्यंत जमेल तेवढी देखभाल, त्यानंतर सुरक्षेचे पॅचही नाहीत. वर्षानुवर्षे एक-दोन माणसे नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी तो सांभाळत होती. आपण ज्यावर उभे आहोत ते कोण सांभाळते, किती जण सांभाळतात आणि आपण त्यांना काही हातभार लावतो का, हा प्रश्न आवृत्तीच्या क्रमांकाइतकाच महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रात हे लिहिण्याला विशेष कारण आहे. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात देशातली मोठी डेटा सेंटर आहेत आणि पुण्यात या प्लॅटफॉर्मचे सॉफ्टवेअर लिहिणारे आणि त्याला सपोर्ट देणारे अभियंते मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यातले कितीतरी जण लहान गावांतून, मराठी शाळांतून आलेले आहेत. ‘नोड ड्रेनला लावलाय पण पॉड हलत नाहीये’ असे ते एकमेकांना मराठीतच सांगतात. मग वरिष्ठ विचारतो, ‘पीडीबी बघितलास का?’ एकाच प्रतीवर चालणाऱ्या ॲप्लिकेशनला ‘किमान एक प्रत चालू हवी’ असा नियम लावलेला असतो, त्यामुळे ती एकमेव प्रत हलवायला क्लस्टर परवानगी देत नाही आणि ड्रेन तासन्‌तास अडकून राहतो. अशी समज बोलण्यातून पुढे जाते, पण कागदावर मराठीत फारशी उतरलेली नाही. ती उतरावी ही माझी मनापासूनची इच्छा आहे. रात्रपाळीला एकट्या असलेल्या नवख्या मुलीला कारण समजले पाहिजे, कारण फक्त कमांड पाठ असेल तर परिस्थिती थोडी बदलताच ती कमांड उपयोगाची राहत नाही.

व्यवस्थापकांसाठीही एक गोष्ट स्पष्ट लिहितो. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. ज्या संस्थेला आपल्याकडे काय चालते याची यादीच करता आलेली नाही, तिला सहा तासांत काय सांगता येणार? अपग्रेड हे ‘वेळ मिळाला तर’ करण्याचे काम नाही. त्यासाठी वर्षाच्या नियोजनात दिवस राखावे लागतात, चाचणीचा क्लस्टर लागतो आणि माणसांना वाचायला कामाच्या वेळेतला वेळ लागतो. हे न देता अभियंत्याकडून केवळ जागरणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिला भाग न बदलणाऱ्या पायाचा : प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय, नेमस्पेस, सीग्रुप, नेटवर्कचे मार्ग, स्टोरेज, आणि क्लस्टरची स्मृती सांभाळणारे ईटीसीडी. हा भाग सावकाश वाचावा, कारण पाया कळलेल्याला नवे नाव ऐकून दडपण येत नाही. दुसरा भाग पंचांगाचा : थरांची यादी, त्यांच्या मुदती, कोणती आवृत्ती कोणाबरोबर चालते, रिलीज नोट्स कशा वाचायच्या. तिसरा भाग प्रत्यक्ष कामाचा : अपग्रेडची तालीम, नोड कॉर्डन आणि ड्रेन करणे, रिस्टोरचा सराव, हायपरव्हायजर बदलण्याचे टप्पे. चौथ्या भागात जाहीर झालेल्या बिघाडांचे वृत्तांत अभ्यासासाठी घेतले आहेत. संस्थांनी आपले अपयश उघडपणे लिहिले म्हणून आपल्याला शिकता आले. ही परंपरा आपल्याकडेही रुजावी. ज्या सहकाऱ्यांनी हस्तलिखित वाचून माझ्याशी वाद घातले, त्यांचा मी आभारी आहे.

शेवटी वाचकाकडे एक मागणे आहे. पहिले प्रकरण उघडण्याआधी आपल्या क्लस्टरचा एक तक्ता करा. थराचे नाव, चालू आवृत्ती, सपोर्ट संपण्याची तारीख, जबाबदार माणूस आणि शेवटचा यशस्वी रिस्टोर, एवढे पाच रकाने पुरे. काही रकाने रिकामे राहतील, आणि तुमचा अभ्यास नेमका तिथून सुरू होईल. मग कधीकाळी कुणीतरी हाताने केलेली आणि कुठेच न लिहिलेली एक मांडणी शोधून तिच्याखाली कारण आणि आजची तारीख लिहा. तुमच्या जागी उद्या येणारा अभियंता त्या आधारावर बेधडक अपग्रेड करू शकला, तर हे पुस्तक लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.